मुरगळलेला घोटा: सूज उतरल्यानंतरचे खरे उपचार

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही पुढच्या उत्तराचा संदर्भ लागेल. आपले वय ४३ आहे आणि आपण माध्यमिक शाळेत शिकवता. ९ दिवसांपूर्वी जिना उतरताना शेवटची पायरी चुकली, डावे पाऊल आतल्या बाजूला वळले आणि घोटा मुरगळला. तासाभरात बाहेरच्या बाजूला सूज आली आणि दुसऱ्या दिवशी टाचेपर्यंत काळेनिळे पडले. एक्स-रे काढलेला नाही. घरी आंबेहळद आणि मिठाचा गरम लेप चालू आहे, वरून क्रेप बँडेज बांधले आहे. आता सूज बरीच उतरली आहे आणि आपण लंगडत का होईना चालता, परंतु बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे दाबले की दुखते. शेजारी एका हाडवैद्याकडून घोटा ‘बसवून’ घ्यायला सांगत आहेत, सासूबाईंचा तीन आठवडे पूर्ण विश्रांतीचा आग्रह आहे, आणि हाच घोटा दोन वर्षांपूर्वीही मुरगळला असल्यामुळे तो कायमचा कमकुवत झाला की काय, अशी शंका आपल्याला येते आहे.

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा घोटा मुरगळणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यातील बहुतेकांची हकिकत सारखी असते: सूज उतरली, दुखणे सहन होण्याइतके कमी झाले, आणि तिथेच उपचार थांबले. सूज उतरणे आणि घोटा पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शरीर बहुतांशी स्वतःच करते. दुसरी मात्र व्यायामाने करून घ्यावी लागते, आणि ती केली नाही तर पुढच्या वर्षभरात तोच घोटा पुन्हा दगा देण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे हे उत्तर पहिल्या दोन दिवसांच्या प्रथमोपचारांपेक्षा आपण आज ज्या टप्प्यावर आहात त्या टप्प्याविषयी अधिक आहे.

सर्वप्रथम एक्स-रेचा प्रश्न निकालात काढू. प्रत्येक मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढण्याची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी काही साधे निकष मांडले आणि आज जगभरातील अपघात विभागांत ते वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, म्हणजे टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंतच्या हाडावर, किंवा थेट टोकावर बोटाने दाबल्यास दुखत असेल तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर करंगळीच्या हाडाचा जो फुगीर भाग हाताला लागतो तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे असलेल्या होडीच्या आकाराच्या हाडावर दुखत असेल, तरीही काढावा. आणि दुखापतीनंतर लगेच तसेच तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर इतर काहीही न पाहता काढावा. लंगडत टाकलेली पावले यात चालतात. वेदना होणे आणि वजन अजिबात न पेलणे यांत फरक आहे. या निकषांपैकी एकही लागू होत नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच थोडी असते.

आपण सांगितलेली दुखरी जागा उंचवट्याच्या पुढे आणि किंचित खाली आहे. ही जागा हाडाची नसून अस्थिबंधाची, म्हणजे लिगामेंटची आहे. तरीही हाडाच्या मागच्या कडेवर आणि पावलाच्या बाहेरच्या फुगीर भागावर आपण स्वतः अंगठ्याने नीट दाबून पाहा. तिथे टोचल्यासारखे स्पष्ट दुखत असेल तर ९ दिवस उलटून गेले म्हणून एक्स-रे टाळू नका. करंगळीच्या हाडाची चीर घोटा मुरगळताना पडते आणि सगळ्यांचे लक्ष सुजलेल्या घोट्याकडे असल्यामुळे अनेकदा दुर्लक्षित राहते. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये दुखत असेल आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ती कळ खाली घोट्यात उतरत असेल, तर दुखापत वरच्या सांध्याची आहे. ती बरी व्हायला बराच अधिक काळ लागतो आणि ती अस्थिरोगतज्ज्ञांनीच पाहायला हवी. लहान मुलांच्या बाबतीत हे निकष पालकांनी घरी लावू नयेत, कारण मुलांमध्ये हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग अस्थिबंधापेक्षा नाजूक असतो आणि मोठ्यांना जिथे केवळ लचक भरते तिथे मुलांच्या हाडाला इजा होऊ शकते.

आता आत नेमके काय घडले आहे ते पाहू, कारण ते समजले की पुढच्या सूचनांमागचे कारण आपोआप स्पष्ट होते. घोट्याचा सांधा एका खोबणीसारखा असतो. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड मिळून ती खोबण तयार करतात आणि पावलाचे सर्वांत वरचे हाड तिच्यात बसते. हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल जमिनीवर सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो; चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना, गड उतरताना, एसटीच्या पायरीवरून खाली पाय टाकताना किंवा उंच टाचांची चप्पल घालून चालताना पाऊल नेमके याच स्थितीत असते. त्यात आतल्या बाजूचा अस्थिबंध जाड व मजबूत, तर बाहेरचे तीन पट्टे तुलनेने बारीक. म्हणून पाऊल आत वळते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. या तिघांतील सर्वांत पुढचा पट्टा बहुतेक वेळा सर्वप्रथम दुखावतो, आणि आपण बोट ठेवून दाखवलेली जागा तीच आहे.

पट्टा केवळ ताणला गेला असेल तर एक ते दोन आठवड्यांत चालणे सुधारते. दोरखंडाचे काही पीळ तुटावेत तसा तो अंशतः फाटला असेल, तर साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. पूर्ण तुटला असेल तर सहा ते बारा आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त. आपण वर्णन केलेली सूज, पसरलेले काळेनिळेपण आणि नवव्या दिवशी लंगडत का होईना चालता येणे, यांवरून आपली दुखापत मधल्या प्रकारची असावी असा माझा अंदाज आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय याहून अधिक ठाम विधान करणे योग्य नाही. काळेनिळेपण टाचेपर्यंत किंवा बोटांपर्यंत उतरले म्हणून घाबरू नका. सांडलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येते, पुढे हिरवट-पिवळसर होते आणि दोन-तीन आठवड्यांत शोषले जाते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील उपचारांची वेळ आपल्या बाबतीत निघून गेली आहे, पण घरात पुन्हा कुणाचा पाय मुरगळलाच तर उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगते. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चार शब्द १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी लोकप्रिय केले आणि पुढची अनेक दशके ते जसेच्या तसे शिकवले गेले. पुढे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले आणि संपूर्ण विश्रांती व सतत बर्फ यांमुळे भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते असे लिहिले. आज आम्ही बर्फ वेदना कमी करण्यापुरता वापरतो: सुती कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन-तीन दिवस. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून आठच्या आकड्यासारखे घोट्यावरून वर न्यावे, प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा वेढा झाकावा आणि झोपताना ते सोडावे. बोटे निळसर, गार किंवा बधिर होऊ लागली तर ताबडतोब सैल करावे. झोपल्यावर पोटरीखाली उश्या ठेवून पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर राहील असे पाहावे. खुर्चीसमोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने ही उंची मिळत नाही.

लेपाविषयी आपण संकोचाने विचारले आहे, पण त्यात संकोचाचे काही कारण नाही. आंबेहळदीचा लेप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो आणि त्वचा अखंड असेल तर तो लावण्याला माझी हरकत नाही. त्याने अस्थिबंध सांधला जातो असे मात्र मी म्हणणार नाही; बरे वाटते त्यात उबेचा, हलक्या दाबाचा आणि कुणीतरी आपली काळजी घेत असल्याचा मोठा वाटा असतो. दोन पथ्ये मात्र पाळा. खरचटले असेल तिथे लेप लावू नका, आणि तो कोमट असू द्या, कढत नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम लेप किंवा गरम पाण्याचा शेक दिल्यास रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. आता नवव्या दिवशी कोमट शेकाला हरकत नाही, आणि व्यायामाच्या आधी दहा मिनिटे दिल्यास आखडलेपणा कमी होण्यास मदत होते. त्वचेला खाज सुटली किंवा पुरळ आले तर लेप थांबवा.

घोटा ‘बसवून’ घेण्याचा विचार मात्र कृपया मनातून काढून टाका. बसवायला आत काहीही निखळलेले नाही. फाटलेला पट्टा ओढल्याने जागेवर येत नाही, उलट जोडू पाहणारे नवे तंतू पुन्हा तुटतात, आणि लक्षात न आलेली हाडाची चीर असेल तर ती सरकू शकते. पारंपरिक हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला शरीराची चांगली जाण असते हे मी पाहिले आहे, परंतु आत काय मोडले आहे हे केवळ हाताने नेहमी कळत नाही. बांबूच्या कामट्या लावून बांधलेल्या घट्ट पट्ट्यांमुळे रक्तपुरवठा थांबून पाय गमावण्याची वेळ आलेली उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. चोळून केलेल्या जोरकस मालीशीलाही हेच लागू पडते. तिळाच्या तेलाने बोटांकडून पोटरीकडे अतिशय हलक्या हाताने केलेली मालीश सूज उतरायला मदत करते. दुखऱ्या बिंदूवर अंगठा रोवून रगडणे मात्र निदान सहा आठवडे टाळावे.

आता विश्रांतीविषयी. सासूबाईंची काळजी मी समजू शकते, परंतु तीन आठवडे पलंगावर राहणे आपल्या घोट्यासाठी योग्य नाही. अस्थिबंध भरून येताना सुरुवातीला जे तंतू तयार होतात ते कसेही, आडवेतिडवे पडलेले असतात. त्यांच्यावर योग्य दिशेने, सोसेल इतका ताण नियमितपणे आला तरच ते ताणाच्या रेषेत रचले जातात आणि मजबूत होतात. ही पुनर्रचना कित्येक महिने चालू राहते. पूर्ण विश्रांतीत ती नीट होत नाही, शिवाय पोटरी बारीक होते, सांधा आखडतो आणि फार काळ पाय निश्चल राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधासाठी साधारण १० दिवस प्लास्टर किंवा पक्का आधार देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. पण तोही काही दिवसांपुरताच असतो, नंतर हालचाल सुरू करावीच लागते.

आपण आजपासून काय करावे ते क्रमाने सांगते. वेदनेचे माप असे ठेवा: शून्य म्हणजे अजिबात वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर व्यायाम करताना तीनपर्यंतची वेदना चालेल. ती त्याच संध्याकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नसावी. सूज वाढली असेल तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण निम्मे करा.

पहिला व्यायाम सर्वांत सोपा. पलंगावर पाय लांब करून बसा, टाच कडेच्या बाहेर राहू द्या आणि पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे काढा, अ पासून ज्ञ पर्यंत. गुडघा स्थिर ठेवून हालचाल घोट्यातूनच करायची आहे. दिवसातून तीन वेळा केल्यास सांध्याच्या सर्व दिशांच्या हालचाली होतात. दुसरा व्यायाम पाऊल वर उचलण्याची क्षमता परत मिळवण्यासाठी आहे, आणि मुरगळल्यानंतर सर्वाधिक आखडते ती हीच हालचाल. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, डावे पाऊल भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवा, टाच जमिनीवर टेकवलेली ठेवून गुडघा भिंतीला लावण्याचा प्रयत्न करा, आणि मग पाऊल हळूहळू मागे सरकवत जा. टाच न उचलता जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा भिंतीला टेकतो ते पट्टीने मोजा आणि उजव्या पायाशी तुलना करा. दोन्ही पायांतील फरक दोन सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत हा व्यायाम सोडू नका. हा फरक राहिला तर जिना उतरताना शरीर नकळत पाऊल बाहेर वळवते किंवा टाच लवकर उचलते, आणि घोटा पुन्हा त्या सैल स्थितीत जातो.

ताकदीसाठी स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा उचला, वर तीन सेकंद थांबा आणि सावकाश खाली या. सुरुवात दहा वेळांनी करा. ते सहज जमू लागले की दोन्ही पायांवर वर जाऊन एकट्या डाव्या पायावर खाली या, आणि पुढे एकट्या डाव्या पायावरच सर्व करा. दोन्ही पाय सारख्याच संख्येने टाच उचलू शकले पाहिजेत. पाऊल बाहेरच्या दिशेला वळवणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या कडेने खाली येतात आणि घोटा आत वळू लागला की त्याला सावरायचे काम त्यांचे असते. त्यांच्यासाठी रबरी पट्टीचा एक वेढा दोन्ही पावलांभोवती घाला, टाचा जमिनीवर स्थिर ठेवा आणि डावा चवडा बाहेरच्या दिशेला ओढा. मध्यम ताकदीची पट्टी पुरेशी असते. ती औषधांच्या किंवा क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण करत नाहीत. अस्थिबंध केवळ हाडे बांधून ठेवणारा पट्टा नाही. त्याच्यात सूक्ष्म मज्जातंतूंची टोके असतात आणि पाऊल या क्षणी कोणत्या कोनात आहे याची बातमी ती मेंदूला सतत पुरवत असतात. १९६५ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, पट्टा फाटला की ही टोकेही दुखावतात आणि पट्टा सांधला गेल्यावरही ही बातमी नीट न मिळाल्यामुळे पाय दगा देत राहतो. तोलाच्या व्यायामांनी हे प्रमाण कमी होते असे त्यांना आढळले. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झाले आहे. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांखेरीज आठ आठवडे घरी तोलाचे व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांचा घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळला, तर ते व्यायाम न करणाऱ्यांत हेच प्रमाण ३३ टक्के होते. एका पैशाचाही खर्च नसलेल्या उपायाचा हा परिणाम आहे, म्हणून मी प्रत्येक रुग्णाला हे व्यायाम आग्रहाने करायला लावते.

आपण सुरुवात अशी करा. न लंगडता घरात चालता येऊ लागले की ओट्याजवळ किंवा दाराच्या चौकटीजवळ, आधार हाताशी ठेवून, अनवाणी डाव्या पायावर उभ्या राहा. तीस सेकंद जमेपर्यंत हेच करा. पाऊल थरथरते ते स्वाभाविक आहे, ते थरथरणे म्हणजेच स्नायूंचे शिकणे. मग दात घासताना एका पायावर उभ्या राहा, म्हणजे दिवसातून दोनदा वेगळा वेळ न काढता सराव होतो. नंतर डोळे मिटून करा. हे बरेच अवघड असते, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या मध्ये उभ्या राहा. त्यापुढे घडी घातलेल्या जाड सतरंजीवर किंवा उशीवर उभे राहणे, एका पायावर उभे राहून भिंतीवर चेंडू टाकून झेलणे, आणि शेवटी जमिनीवर काढलेल्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे छोट्या उड्या, अशी चढण ठेवा. आधीचा टप्पा सहज झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका. हा क्रम किमान आठ आठवडे चालू ठेवायचा आहे, आणि आपला घोटा दुसऱ्यांदा मुरगळला असल्यामुळे त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीन दिवस तो करत राहणे हिताचे ठरेल. यावरून आपल्या शेवटच्या शंकेचेही उत्तर मिळते: आपला घोटा कायमचा कमकुवत झालेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे प्रशिक्षण बाकी राहिले होते आणि ते आता पूर्ण करता येईल.

चालण्याविषयीही सांगायला हवे. लंगडण्याची सवय वेदना गेल्यावरही टिकते आणि पुढे गुडघा व कंबर दुखू लागते. आणखी एक-दोन आठवडे काठी वापरायला लाजू नका. ती उजव्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, आणि डाव्या पायाबरोबरच पुढे टाका. पावले लहान असू द्या, पण प्रत्येक पावलात आधी टाच, मग तळवा, मग चवडा असा क्रम पाळा. जिना चढताना आधी उजवा, उतरताना आधी डावा पाय टाका आणि कठडा धरा.

शाळेत सलग तासांना उभे राहणे टाळता येत नसेल तर वर्गात खुर्ची ठेवून तासाचा काही भाग बसून घ्या, आणि दोन तासांच्या मध्ये पाय समोरच्या खुर्चीवर घेऊन घोटा वर-खाली हलवा. संध्याकाळी थोडी सूज येणे कित्येक आठवडे चालू राहू शकते. रात्रीत ती उतरत असेल तर चिंतेचे कारण नाही. बाहेर जाताना निदान सहा आठवडे, आणि खडबडीत जागी जायचे असल्यास त्याहूनही अधिक काळ, नाड्यांचा किंवा दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला घोट्याचा आधार वापरा. क्रेप बँडेजपेक्षा तो निश्चितच उपयुक्त असतो.

आपल्या राहणीतील एका गोष्टीकडे परदेशी पुस्तकांत क्वचितच लक्ष दिलेले असते. मांडी घालून बसले की पाऊल आत वळते, चवडा खाली झुकतो आणि बाहेरचा उंचवटा जमिनीवर दाबला जातो. म्हणजे पाऊल मुरगळतानाच्या स्थितीतच ते वीस-पंचवीस मिनिटे राहते. वज्रासनातही पुढचा पट्टा ताणला जातो. म्हणून अजून तीन-चार आठवडे जेवण, पूजा आणि वह्या तपासणे टेबल-खुर्चीवर करा. देशी संडासात उकिडवे बसण्यासाठी घोटा वरच्या दिशेने पूर्ण वाकावा लागतो. तो वाकत नसेल तर टाचा उचलून तोल सांभाळण्याच्या प्रयत्नात पाय पुन्हा वळू शकतो, तेव्हा तोवर कमोड वापरणे बरे. गिअरची दुचाकी चालवत असाल तर डाव्या पायाने गिअर बदलण्याची सारखी हालचाल वेदनेशिवाय होईपर्यंत थांबा. बिनगिअरची असली तरी थांबताना डावा पाय झटकन जमिनीवर टेकवून गाडीचे वजन पेलता येते की नाही हे आधी पाहा.

हे मुरगळणे मुळात टळावे कसे, याचे उत्तर पुष्कळदा घरातच सापडते. आपले वय लक्षात घेता दोन नंबरांचा चष्मा लागलेला असू शकतो. त्याचा खालचा भाग वाचनाचा असतो, त्यातून पायरी अस्पष्ट आणि चुकीच्या अंतरावर दिसते, आणि शेवटची पायरी चुकण्यामागे हे अतिशय नेहमीचे कारण असते. जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन चष्म्याच्या वरच्या भागातून पायरीकडे पाहण्याची सवय लावा. जिन्यातला गेलेला दिवा बदलून घ्या, शेवटच्या पायरीच्या कडेला रंगाचा किंवा चिकटपट्टीचा ठळक पट्टा ओढून घ्या, आणि वह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून कधीही उतरू नका, कारण त्यात पायही दिसत नाहीत आणि कठडाही धरता येत नाही. झिजून एका कडेला कललेली चप्पल पायाला रोज त्याच दिशेने वळवत असते; ती टाकून टाचेमागे पट्टा असलेले, पावलाला धरून ठेवणारे पादत्राण घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर रबरी सपाता घालून जाणे टाळा.

वेदनाशामक गोळ्यांचा थोडक्यात उल्लेख करते, कारण त्या बहुतेक जण न विचारताच घेतात. डायक्लोफेनॅकचे मलम दुखऱ्या भागावर लावणे हा ताज्या मुरगळण्यात चांगला परिणाम देणारा आणि पोटाला कमी त्रास देणारा मार्ग आहे; फक्त ते आणि हळदीचा लेप एकाच वेळी लावू नका. पोटात घेण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे, परंतु प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि यकृताचा विकार असल्यास डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, दमा, उच्च रक्तदाब, गर्भारपण किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर या गोळ्या अजिबात नकोत.

आपल्याला मधुमेह आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. असेल, आणि विशेषतः पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर शेक किंवा गरम लेप देऊच नका, कारण भाजलेले कळत नाही. मधुमेही व्यक्तीचे पाऊल फारसे न दुखता सुजलेले, लालसर आणि दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागत असेल, तर ती साधी लचक समजू नये. हाडे आतल्या आत खचत असण्याची शक्यता असते आणि त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी.

पुढील गोष्टींपैकी काही दिसले तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून घट्ट व गरम झाली आणि दाबल्यावर दुखू लागली, तर शिरेतील गुठळीची तपासणी त्याच दिवशी व्हावी. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. पालथे झोपून पोटरी दाबल्यावर पाऊल जरासुद्धा हलत नसेल, तर टाचेमागची कंडरा तुटलेली असू शकते. आणखी दोन आठवड्यांनीही लंगडणे कमी झाले नाही, सांध्यात काहीतरी अडकते किंवा खटकन आवाज होऊन कळ येते असे वाटू लागले, किंवा सहा आठवड्यांनंतरही खोलवर दुखत राहिले, तर सांध्याच्या कूर्चेला इजा झाली आहे का हे एमआरआयने पाहावे लागेल. तीन ते सहा महिने वर सांगितलेले व्यायाम मनापासून केल्यानंतरही घोटा वारंवार दगा देत असेल, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि ती वेळ फार थोड्यांवर येते. तपासणीला जाताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट सोबत न्या आणि भिंतीपाशी मोजलेल्या दोन्ही पायांच्या अंतरांची तारीखवार नोंद दाखवा. सुधारणा होते आहे की थांबली आहे, हे त्या दोहोंवरून तपासणाऱ्याला चटकन कळते.